एनएमडीए रिसेप्टर आणि त्यावर चालणारी औषधं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या फार्मसीत मेमँटिन या अल्झायमरवरच्या औषधाची चिठ्ठी घेऊन येणारी मुलं-सुना, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजहून (गोमेकॉ) डिस्चार्ज कार्ड घेऊन आलेले नातेवाईक, फार्मसीचा अभ्यासक्रम करणारी मुलं, हे सगळे मेंदूतल्या एकाच प्रथिनाबद्दल विचारत असतात. प्रत्येकाला वाटतं की आपला प्रश्न वेगळा आहे. काउंटरवर आणि मेसेजवर सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचून समजून घ्या. डोस मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

१. एनएमडीए रिसेप्टर म्हणजे नेमकं काय? तो शरीरात कुठे असतो?

मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींच्या आवरणात बसलेलं हे एक प्रथिन आहे. एका पेशीने सोडलेलं ग्लुटामेट दुसऱ्या पेशीवर ज्या जागांना येऊन चिकटतं, त्यांपैकी ही एक जागा. ग्लुटामेट हा मेंदूतला मुख्य उत्तेजक संदेशवाहक. त्याचे रिसेप्टर अनेक प्रकारचे आहेत: एएमपीए, कायनेट, एनएमडीए, आणि शिवाय मेटाबोट्रॉपिक गटातले आठ. एन-मिथाइल-डी-अ‍ॅस्पार्टेट हे प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन फक्त याच रिसेप्टरला जागं करतं, म्हणून त्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं.

हे प्रथिन चार तुकड्यांचं असतं. दोन तुकडे ग्लुएन-१ जातीचे आणि बाकीचे दोन बहुतेक वेळा ग्लुएन-२ जातीचे. ग्लुएन-२ चे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत. बाळाच्या मेंदूत बी जास्त असतो, वय वाढतं तसं ए चं प्रमाण वाढतं. १९९१ साली जपानमध्ये शिगेतादा नाकानिशी यांच्या गटाने या रिसेप्टरचं जनुक प्रथम वेगळं काढलं. तेव्हापासून हे तुकडे एकेक करून तपासता येऊ लागले.

२. ग्लुटामेट म्हणजे अजिनोमोटोच ना? मग जत्रेतलं गोबी मंच्युरियन खाल्लं तर मेंदूवर परिणाम होईल का?

रसायन तेच, पण पोटातून मेंदूत जाण्याचा रस्ता त्याला जवळजवळ बंद आहे. अन्नातल्या ग्लुटामेटचा बहुतांश भाग आतड्याचं अस्तरच इंधन म्हणून वापरून टाकतं. उरलेलं रक्तात आलं तरी रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला सहज आत सोडत नाही. मेंदू आपल्याला लागणारं ग्लुटामेट स्वतःच तयार करतो. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून जी चव वेगळी काढली, तीच टोमॅटोत आहे आणि आपल्या सुक्या सुंगटांतही (कोळंबीतही) आहे.

भीती पसरली ती १९६९ च्या उंदरांवरच्या प्रयोगांमुळे. त्यांत नवजात पिल्लांना मोठ्या मात्रेत ग्लुटामेट टोचलं होतं. ताटातल्या अन्नाशी त्याची तुलना होत नाही. म्हापसा पालिकेने २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनवर बंदी आणली, तेव्हा पुष्कळांनी ती अजिनोमोटोशी जोडली. तिथे मुद्दा कृत्रिम रंगांचा आणि अस्वच्छतेचा होता. त्या कारणांसाठी जरूर टाळा.

३. हा रिसेप्टर स्मरणशक्तीशी जोडलेला आहे म्हणतात. तो चालतो कसा?

हे उत्तर सावकाश वाचा, पुढची बरीचशी उत्तरं यावर उभी आहेत.

रिसेप्टरच्या मधोमध आयन (विद्युतभार असलेले कण) जाण्यासाठी एक वाट असते. पेशी शांत असताना बाटलीला बूच असावं तसा मॅग्नेशियमचा आयन त्या वाटेत अडकून बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन चिकटलं तरी वाट मोकळी होत नाही. पेशी आधीच दुसऱ्या संदेशांमुळे उत्तेजित झालेली असेल, तिचा विद्युतभार बदललेला असेल, तरच मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं. शिवाय ग्लुएन-१ तुकड्यावर ग्लायसिन किंवा डी-सेरिन बसलेलं असावं लागतं. या अटी एका वेळी पुऱ्या झाल्या की वाट उघडते आणि सोडियमबरोबर कॅल्शियमही आत शिरतं.

म्हणजे हे प्रथिन दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या का ते ओळखतं. समोरची पेशी बोलली आणि त्याच क्षणी ही पेशीही जागी होती, अशी वेळ आली की आत आलेलं कॅल्शियम त्या दोन पेशींमधला जोड मजबूत करतं. मजबूत झालेला जोड टिकून राहतो, याचा पहिला सविस्तर पुरावा टिम ब्लिस आणि तेरिए लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागात) दाखवला. पुढे १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत हा रिसेप्टर अडवणारं रसायन सोडलं, तेव्हा पाण्याखाली लपलेला चौथरा कुठे आहे हे त्या उंदरांना नीट शिकता येईना. मॅग्नेशियमच्या अडथळ्याचा शोध १९८४ चा. इतक्या लहान जागेत इतकी नेमकी योजना आहे, हे मला आजही थक्क करतं.

एक गोष्ट विसरू नका. कॅल्शियम थोडं आणि योग्य वेळी आलं तर पेशी शिकते. भरमसाट आणि सतत आलं तर मरते.

४. मग आईला विसराळूपणासाठी मेमँटिन का दिलं? ते तर हाच रिसेप्टर बंद करतं ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात रास्त प्रश्न. अल्झायमरमध्ये ग्लुटामेटची एक मंद, सततची गळती चालू राहते आणि रिसेप्टर अवेळी थोडा थोडा उघडा राहतो, असं या औषधामागचं गृहीतक आहे. त्या गोंगाटात खरा संदेश ऐकू येत नाही आणि पेशींचीही हानी होते. मेमँटिन उघड्या वाटेत जाऊन बसतं, पण सैल बसतं आणि लवकर निघतं. त्यामुळे बारीक गळती अडते, आणि जोरदार खरा संदेश आला की ते बाजूला होतं.

केटामिन हे भुलीचं औषध त्याच वाटेत अधिक घट्ट बसतं, फेन्सायक्लिडिन त्याहून घट्ट, आणि एमके-८०१ नावाचं प्रायोगिक रसायन इतकं चिवट की माणसांसाठी त्याचं औषध होऊ शकलं नाही. किती घट्ट बसतं आणि किती वेळ बसतं, यावर कशाचं औषध होतं आणि कशाने भान हरपतं ते ठरतं. माझ्या मते या रिसेप्टरच्या औषधशास्त्रातली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

मेमँटिनला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली, ती मध्यम ते तीव्र अवस्थेसाठी. सुरुवातीच्या अवस्थेत फायदा नीट दिसलेला नाही. आजार बरा होत नाही. काही महिने अंघोळ, कपडे, जेवण अशी रोजची कामं थोडी बरी चालतात, चिडचिड कमी होते. घरच्यांनी एवढीच अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

५. मेमँटिन देताना काय सांभाळायचं?

सुरुवात बहुधा रोज ५ मिलिग्रॅमने होते आणि दर आठवड्याला वाढवत २० पर्यंत जाते. आठवडे चुकवून एकदम मोठी गोळी सुरू करू नका, चक्कर आणि गोंधळ वाढतो. बरेच दिवस गोळी चुकली असेल तर पुन्हा कुठून सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा.

औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं खूप कमजोर असतील तर डोस साधारण निम्म्यावर आणतात. म्हणून क्रिएटिनिनचा अलीकडचा रिपोर्ट दाखवा. लोक सांगत नाहीत अशी एक गोष्ट म्हणजे पोटात गॅस झाला म्हणून रोज घेतला जाणारा खायचा सोडा. त्याने लघवी अल्कधर्मी झाली तर मेमँटिन शरीरातच साठत राहतं. पार्किन्सनसाठी अमँटाडिन चालू असेल तर तेही आम्हाला सांगा, कारण ते याच जागी काम करतं. डोनेपेझिल या अल्झायमरच्याच दुसऱ्या औषधाबरोबर मात्र मेमँटिन नेहमी दिलं जातं, त्यांचे रस्ते वेगळे आहेत.

६. ऑपरेशनला केटामिन देणार म्हणाले. घाबरण्यासारखं आहे का?

नाही. १९६२ मध्ये तयार झालेलं आणि १९७० पासून अमेरिकेत मान्य असलेलं हे जुनं, विश्वासाचं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत ते कित्येक वर्षांपासून आहे. बेशुद्धी येते, वेदना थांबतात, पण श्वास बहुधा चालू राहतो आणि रक्तदाब पडत नाही. अपघातात रक्त गेलेल्या माणसासाठी हा गुण मोलाचा आहे. शुद्धीवर येताना काहींना विचित्र स्वप्नं पडतात, भास होतात. ते काही वेळात ओसरतं. रक्तदाब फार वाढलेला असेल, हृदयविकार असेल किंवा पूर्वी मानसिक आजार झाला असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा.

७. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत पकडतात ते केटामिन हेच? मग ते फार्मसीत मिळतं कसं?

हेच. २०११ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं आणि २०१३ मध्ये ते शेड्यूल एक्समध्ये गेलं. म्हणजे चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षं जपून ठेवायची. खुल्या विक्रीचा प्रश्नच नाही.

आई-वडील विचारतात, ऑपरेशनला चालतं ते पार्टीत का चालत नाही? ऑपरेशनच्या टेबलापाशी मात्रा मोजलेली असते आणि शेजारी श्वास सांभाळणारा माणूस असतो. पार्टीत पुडीत काय आहे हेच कोणाला ठाऊक नसतं, वर दारूही असते. जास्त मात्रेत शरीर आणि मन यांचा संबंध सुटल्यासारखा होतो, हलता येत नाही. अशा अवस्थेत पाण्याजवळ असणं जिवावर बेतू शकतं. वारंवार घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला आतून जखमा होतात. सारखी लघवी, जळजळ, रक्त अशी लक्षणं विशी-पंचविशीतल्या मुलात दिसली आणि तपासणीत जंतू सापडले नाहीत, तर हा प्रश्न प्रेमाने पण स्पष्ट विचारावा. लवकर थांबलं तर मूत्राशय बऱ्याच अंशी सावरतो.

फुग्यातून ओढला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायूही याच रिसेप्टरला अडवतो. त्याचा वेगळा धोका म्हणजे तो जीवनसत्त्व बी-१२ निकामी करतो. पायांना मुंग्या येऊन चालणं बिघडेपर्यंत मजल जाऊ शकते.

८. नैराश्यावर केटामिन देतात हे खरं का?

खरं आहे, पण निवडक रुग्णांसाठी. नेहमीच्या औषधांना आठवडे लागतात, केटामिनचा परिणाम काही तासांत दिसू शकतो. त्यावरचा पहिला छोटा नियंत्रित अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्याचा नाकात मारायचा प्रकार, एसकेटामिन, २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाला, तोही दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली बसायचं अशा अटीवर. एका मात्रेचा परिणाम बहुधा आठवडाभरात उतरतो, म्हणून उपचार पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

इथे एक कोडं आहे. मेमँटिनही हाच रिसेप्टर अडवतं, पण नैराश्यात त्याचा असा गुण येत नाही. त्यामुळे केटामिनच्या परिणामात एएमपीए रिसेप्टर आणि नवे जोड उगवण्याची प्रक्रियाही सामील असावी, असं मानलं जातं. घरात कोणाला जगणं नको झालंय असं वाटत असेल, तर नव्या उपचारांची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि बांबोळीची मानसोपचार संस्था आपल्या सगळ्यांची आहे.

९. खोकल्याच्या औषधाचा याच्याशी काय संबंध?

कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. यकृतात त्याचं डेक्स्ट्रॉर्फन बनतं, आणि ते या रिसेप्टरला चांगलंच अडवतं. चमच्याने मोजून घेतलेल्या मात्रेत हा परिणाम जाणवत नाही. बाटलीच्या बाटली प्यायल्यावर भास होतात, तोल जातो, ते यामुळेच.

मला जास्त काळजी वाटते ती साध्या चुकीची. नैराश्याच्या गोळ्या, विशेषतः सेरोटोनिन वाढवणाऱ्या, किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असताना हे सिरप घेतलं तर सेरोटोनिनचा घातक अतिरेक होऊ शकतो. ताप, थरथर, घाम, गोंधळ ही त्याची लक्षणं. म्हणून खोकल्याचं औषध मागणाऱ्याला आम्ही दुसरं काय चालू आहे ते विचारतो. विचारलं म्हणून रागावू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला खोकल्याचं सिरप देऊच नये.

१०. यजमान श्रावणात दारू एकदम बंद करतात आणि दुसऱ्याच दिवशी हात थरथरतात. असं का?

दारू एनएमडीए रिसेप्टरला दाबते आणि शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेला जोर देते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी हे रिसेप्टर वाढवतो. मग एके दिवशी दारू थांबली की वाढलेले रिसेप्टर मोकळे सुटतात आणि मेंदू भडकतो. थरथर, घाम आणि झोप उडणं आधी. ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, दिसत नसलेलं दिसणं, अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते.

श्रावण पाळावा ही इच्छा चांगलीच आहे, आणि तिचा उपयोग करून घ्या. पण रोज सकाळपासून फेणी लागते अशा माणसाने श्रावण लागण्याच्या आधीच डॉक्टरांना भेटावं. काही दिवसांच्या गोळ्या आणि थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन हा काळ सुरक्षित पार पाडता येतो. आधी कधी असे झटके आले असतील तर घरी प्रयत्न करू नका, भरती व्हा.

११. रिसेप्टरला मॅग्नेशियम अडवतं, तर मॅग्नेशियमच्या गोळ्या घेऊन मेंदू शांत होईल का?

फारसा नाही. तोंडावाटे घेतलेलं जास्तीचं मॅग्नेशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात आणि मेंदूतली पातळी जेमतेम बदलते. जुलाब मात्र होतात.

शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम सल्फेट ही निराळी बाब आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके टाळायला त्याहून चांगलं औषध नाही. ३३ देशांतल्या सुमारे १०,००० स्त्रियांवरच्या २००२ च्या चाचणीत झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल करणं आणि हा रिसेप्टर अडवणं, असे दोन्ही परिणाम त्यामागे असावेत. इंजेक्शन चालू असताना परिचारिका गुडघ्यावर हातोडी मारून बघते आणि लघवी मोजते, ते मात्रा जास्त होत नाही ना हे पाहण्यासाठी.

१२. भाची अचानक वेड्यासारखं वागू लागली. कोणी म्हणालं देवचार (भूतबाधा), कोणी म्हणालं मानसिक. शेवटी डॉक्टरांनी एनएमडीए एन्सेफलायटिस सांगितलं. हे काय आहे?

एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूचा दाह. यात शरीराची प्रतिकारशक्तीच रिसेप्टरच्या ग्लुएन-१ तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते. प्रतिपिंडं चिकटली की पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते आणि पृष्ठभागावर त्यांची संख्या घटते. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा आजार नीट ओळखला. त्याआधीही तो होताच, फक्त त्याला दुसरी नावं दिली जात होती.

बहुतेक रुग्ण तरुण मुली आणि स्त्रिया, पण मुलं आणि पुरुषही असतात. आधी तापासारखं, डोकेदुखी. मग काही दिवसांत झोप उडते, संशय, भास, असंबद्ध बोलणं. पुढे झटके, तोंडाच्या आणि जिभेच्या विचित्र हालचाली, बोलणं थांबणं, आणि कधी रक्तदाब, नाडी, श्वास यांचे चढउतार. केटामिनच्या मोठ्या मात्रेत दिसतात त्या अवस्थांशी याचं साम्य आहे, आणि ते योगायोगाने नाही (प्रश्न ४ आणि ७ पाहा).

एमआरआय पुष्कळदा सामान्य येतो, म्हणून मेंदूत काही नाही असं समजून थांबू नये. निदान पाठीतून काढलेल्या पाण्यातल्या प्रतिपिंडांवरून होतं. नुसत्या रक्ताचा रिपोर्ट फसवू शकतो. तरुण स्त्रियांत अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ आहे का ते शोधतात. त्या गाठीत चेतापेशींसारख्या पेशी असतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावरूनच भडकते. गाठ काढली की सुधारणा वेगाने होते. सोबत स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलणं, आणि गुण न आल्यास रिटक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड. भास आवरायला दिलेल्या काही औषधांनी अंग ताठरतं, म्हणून त्यांत फार काळजी घेतात.

दोन वर्षांत १०० पैकी सुमारे ८० रुग्ण चांगले सावरतात. पण हळूहळू, महिने लागतात. बोलणं आलं तरी राग, विसराळूपणा, एकाग्रता न होणं मागे राहतं. तो तिचा स्वभाव नव्हे, परतणारा मेंदू आहे.

देवळात गाऱ्हाणं घाला, कौल घ्या, त्याने घरच्यांना धीर येतो. मात्र तरुण माणसात अचानक बदललेलं वागणं आणि त्याबरोबर ताप, झटके किंवा तोंडाच्या हालचाली दिसल्या तर त्याच दिवशी १०८ बोलवा आणि गोमेकॉ गाठा. लवकर सुरू केलेल्या उपचाराने फरक पडतो.

१३. हर्पिसचा मेंदूज्वर बरा झाला होता, महिन्याभराने मूल पुन्हा बिघडलं. विषाणू परतला का?

परतला असेलही, पण त्या मेंदूज्वरानंतर काही आठवड्यांनी हीच प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. लहान मुलांत तेव्हा अनैच्छिक हालचाली जास्त दिसतात. पाठीच्या पाण्याची दोन्हींसाठी तपासणी करावी लागते. विषाणूचं औषध वेगळं, याचे उपचार वेगळे (प्रश्न १२ पाहा).

१४. पक्षाघातात ग्लुटामेटने पेशी मरतात म्हणता, मग तेव्हाच हा रिसेप्टर बंद का करत नाहीत?

१९९० च्या दशकात सेल्फोटेल, अ‍ॅप्टिगॅनेल, गॅव्हेस्टिनेल अशी औषधं माणसांवर तपासली. प्राण्यांत गुण आला होता, माणसांत आला नाही. रुग्ण इस्पितळात पोचेपर्यंत ग्लुटामेटचा पूर बहुधा येऊन गेलेला असतो, आणि नंतर जगण्यासाठी पेशींना हाच रिसेप्टर लागतो. म्हणून आज पक्षाघातात धावपळ करायची ती गुठळी विरघळवण्यासाठी किंवा काढण्यासाठी. त्याची मुदत तासांत मोजतात.

१५. क्षयाच्या सायक्लोसेरिन गोळीने बाबा भलतंच बोलू लागले. ही गोळी इथे कशी आली?

हा अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी सायक्लोसेरिन देतात. ते ग्लुएन-१ वरच्या ग्लायसिनच्या जागी बसतं आणि रिसेप्टरला अर्धवट चालवतं. क्षयाच्या मोठ्या मात्रेत उदासी, भास, झटके येऊ शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, क्षय केंद्रात त्याच दिवशी सांगा. सोबत पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी-६) दिलेलं आहे ना तेही पाहून घ्या. दारू पूर्ण वर्ज्य.

१६. शिनाण्यो (एक प्रकारचे शिंपले) खाऊन स्मरणशक्ती गेल्याचं वाचलं. तेही याच रिसेप्टरमुळे?

मुख्यतः शेजारच्या रिसेप्टरमुळे. १९८७ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले, काही दगावले आणि काहींना नव्या गोष्टी लक्षात ठेवता येईनात. शिंपल्यांनी खाल्लेल्या सूक्ष्म शैवालात डोमोइक आम्ल होतं. ते आधी कायनेट आणि एएमपीए रिसेप्टरना पेटवतं. त्यातून सुटलेलं ग्लुटामेट मग एनएमडीएलाही ओढून घेतं आणि हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरतात. मेमँटिन घरात आहे म्हणून त्यावर उतारा होत नाही.

शिजवल्याने हे विष जात नाही. समुद्राच्या पाण्याचा रंग बदललेला असताना काढलेल्या शिनाण्यो आणि तिसऱ्यो घेऊ नका. खाल्ल्यावर उलट्या होऊन एक-दोन दिवसांत गोंधळ किंवा झटके दिसले, तर काय खाल्लं आणि ते कुठून आणलं, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.